कळतं पण वळत नाही, तेव्हा फोन कसा शिकवायचा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं. भाऊ २३ वर्षांचा, सौम्य बौद्धिक अक्षमता, छोटी वाक्यं वाचता येतात, व्हॉइस मेसेज छान करतो, पॅकिंगच्या कामाला जातो. फेसबुकवर एक मैत्रीण मिळाली, तिने महिनाभरात आधी गिफ्ट कार्ड मागितलं, मग त्याचा फोटो मागितला, आणि एक दिवस ओटीपी मागून घेतला आणि खात्यातले पैसे गेले. तुम्ही फोन काढून घेतलात. आता तो तुमच्याशी बोलत नाही आणि परवा बाबांच्या फोनवरून तिलाच मेसेज करताना सापडला. तुम्ही म्हणताय की शंभर वेळा सांगून झालंय, विचारलं की बरोबर उत्तरं देतो, मग करतो कसं, यासाठी एखादा कोर्स किंवा व्हिडिओ आहे का, आणि फोन परत द्यावा की नाही.

फोनचं आधी सांगून टाकते. द्या परत, पण आजच्या आज नको आणि होता तसा नको. कोर्स आणि व्हिडिओ मिळतील भरपूर, पण तुमच्या भावाची अडचण व्हिडिओने सुटणाऱ्यातली नाही. मी १७ वर्षं बौद्धिक अक्षमता असलेल्या १८ ते ३५ वयाच्या लोकांबरोबर काम करते. सुरुवातीला आम्ही एकट्याने बसने कसं जायचं, सुटे पैसे कसे मोजायचे हे शिकवायचो, आता निम्मा वेळ फोनवरच जातो. (आम्ही सगळे यांना 'मुलं' म्हणतो, मीही म्हणते, तिशीतल्या माणसालाही. खाली बोलण्याच्या ओघात येईल तो शब्द, पण फोनच्या बाबतीत अर्धा घोळ या शब्दानेच होतो असं माझं मत आहे, त्याबद्दल पुढे बोलते.)

तुम्ही प्रश्न एक विचारलाय पण त्यात तीन गोष्टी एकमेकींत अडकल्यात. एक, कुणीतरी फसवून ओटीपी काढून घेतला. दोन, त्याला मैत्रीण हवी आहे, आणि ती गरज खरी आहे, मैत्रीण खोटी असली तरी. तीन, तो आता लपवायला लागलाय. घरच्यांना पहिली गोष्ट सगळ्यात मोठी वाटते कारण तिथे पैसे गेले. मला तिसरीची सगळ्यात जास्त काळजी वाटते. पहिल्या फसवणुकीत जे जातं ते बहुतेक वेळा थोडं असतं, मोठं नुकसान होतं ते पुढच्या दोन-तीन महिन्यांत, जेव्हा तो कुणालाच काही सांगत नाही आणि समोरचा रोज थोडं थोडं काढत राहतो.

आता 'विचारलं की बरोबर उत्तर देतो' याबद्दल. हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय. १९८१ मध्ये कॅरल सिगलमन आणि सहकाऱ्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांच्या मुलाखतींवर एक अभ्यास केला होता, त्यात दिसलं की हो-नाही प्रकारच्या प्रश्नाला ही माणसं पुष्कळदा 'हो' म्हणून टाकतात, अगदी एकमेकांच्या उलट अर्थाचे दोन प्रश्न विचारले तरी दोन्हींना हो. यात लबाडी काही नसते हो. लहानपणापासून आजूबाजूचे सगळे प्रश्न विचारत असतात, तपासत असतात, आणि 'हो' म्हटलं की समोरचा खूश होतो आणि विषय संपतो हे ते शिकलेले असतात. आणि गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, फसवणाऱ्या माणसालाही नेमकं हेच हवं असतं, पटकन एक हो. म्हणजे आपण 'समजलं ना?' 'परत करणार नाहीस ना?' असं विचारून जी सवय पक्की करतोय तीच तिकडे त्याला बुडवते. मी 'समजलं का' हा प्रश्न वर्गातून काढूनच टाकलाय. त्याऐवजी 'दाखव' म्हणते. असा मेसेज आला, फोन तुझ्या हातात आहे, काय करशील ते करून दाखव.

हे मला पहिल्यापासून कळत होतं असं नाही. सुरुवातीच्या काळात मी एक मोठा रंगीत तक्ता केला होता, बारा नियम, प्रत्येकाला चित्र. पासवर्ड सांगू नये, अनोळखी लिंक उघडू नये, वगैरे. वर्गाला तो तोंडपाठ झाला, पालकसभेत त्यांनी म्हणून दाखवला, टाळ्या पडल्या. मग पालकांना आधी सांगून आणि मुलांनाही 'या महिन्यात कधीतरी मी एक सरावाचा मेसेज पाठवणार आहे' असं सांगून मी नव्या नंबरवरून मेसेज टाकला, 'तुला बक्षीस लागलंय, नाव आणि जन्मतारीख पाठव'. जवळजवळ सगळ्यांनी पाठवली. एकाने तर वरून धन्यवाद म्हटलं. तक्ता मी त्या आठवड्यात भिंतीवरून काढला.

झालं काय होतं, तर नियम वर्गात राहिला आणि मेसेज आला तेव्हा मुलगा घरी सोफ्यावर होता. शिकलेली गोष्ट एका जागेवरून दुसऱ्या जागी, एका माणसाकडून दुसऱ्याकडे आपोआप जात नाही, ती तशी न्यावी लागते, हे विशेष शिक्षणात १९७० च्या दशकापासून सांगतायत. आपल्यासारख्यांना 'बँकेचा पिन सांगू नये' यावरून 'ईमेलचा पासवर्डही सांगू नये' हे आपोआप सुचतं, त्यांना प्रत्येक वेळी सुचेलच असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर शिकवलेलं इन्स्टाग्रामवर लागू होत नाही, तुम्ही शिकवलेलं मावसभावासमोर लागू होत नाही. म्हणून शंभर वेळा सांगितलं पण एकदाही सराव घेतला नाही, तर त्या सांगण्याने काही फरक पडत नाही, राग मानू नका.

बरं, कशावर अवलंबून आहे तेही सांगते, कारण मी तुमच्या भावाला पाहिलेलं नाही. रिपोर्टवर सौम्य, मध्यम काय लिहिलंय किंवा बुद्ध्यांकाचा आकडा काय आहे याने मला फारसं काही कळत नाही. मी विचारते ते वेगळंच असतं. तो एकटा असताना किती वेळ थांबू शकतो? कुणी घाई केली, ओरडलं, रडलं तर काय करतो? वेळ आणि पैसा यांचा अंदाज कितपत आहे, म्हणजे 'एका तासात दे नाहीतर खातं बंद' याचा अर्थ त्याला काय लागतो? स्वमग्नता किंवा चिंतेचा त्रास सोबत आहे का, कारण मग एकदा शिकलेला नियम तो इतका घट्ट पकडेल की अपवाद आला की गोंधळ होईल. आणि दिवसभरात तो फोन सोडून किती माणसांशी बोलतो? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे माझ्या अनुभवात. वाचता येत नसेल तर पुढचं सगळं चित्रांनी आणि आवाजाने करायचं, तत्त्व तेच राहतं.

आता मूळ मुद्दा. सगळीकडे पहिला नियम शिकवतात, 'अनोळखी माणसाशी बोलू नको'. मी हा नियम शिकवत नाही. कारण तुमच्या भावाच्या दृष्टीने ती अनोळखी नव्हतीच! रोज सकाळी गुड मॉर्निंग म्हणायची, जेवलास का विचारायची, वाढदिवस लक्षात ठेवायची. घरातल्या किती जणांनी त्याला महिनाभर रोज विचारलं असेल? अनोळखी कोण हे ठरवायला समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधावा लागतो, आणि तेच तर अवघड आहे, सगळ्यांनाच अवघड आहे, शिकलेसवरलेले लोकही यात रोज बुडतायत. तेव्हा फसवणूक ओळखायला शिकवणं सोडून द्या. रोज नवीन युक्ती येते, आज बक्षीस, उद्या नोकरी, परवा तुमच्याच आवाजात केलेला खोटा फोन, तुम्ही कितींची यादी पाठ करून घेणार?

त्याऐवजी समोरचा कोण आहे ते बाजूला ठेवायचं आणि तो काय मागतोय तेवढंच बघायचं. मी पाच मागण्या शिकवते, एकेक, दोन-दोन आठवडे घेऊन. पैसे मागतोय (गिफ्ट कार्ड, रिचार्ज हे पैसेच, हे वेगळं शिकवावं लागतं, कारण त्यात नोट दिसत नाही). नंबर मागतोय, म्हणजे ओटीपी, पिन, पासवर्ड, कार्डावरचे आकडे. फोटो मागतोय, अंगाचा किंवा ओळखपत्राचा. एकटं भेटायला बोलावतोय. आणि पाचवी, घरी सांगू नको म्हणतोय. ही पाचवी सर्वात पक्की करायची, कारण चांगलं काम करणारा माणूस सहसा 'ताईला सांगू नको' असं म्हणत नाही. सरप्राइज पार्टी असते की, असं एका हुशार विद्यार्थ्याने मला लगेच सुनावलं होतं, बरोबर होतं त्याचं. मग आम्ही ठरवलं की सरप्राइजची तारीख असते आणि ते संपलं की सगळ्यांना कळतं, ज्या गुपिताला शेवटच नाही ते दाखवायचं.

ओटीपीच्या नियमात एक खाच आहे, तीही सांगते नाहीतर तुम्ही अडकाल. आपण म्हणतो ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी पार्सल घेऊन आलेल्या माणसाला तुम्हीच दारात ओटीपी सांगता, त्याच्यासमोर. त्याच्या डोक्यात नियम तिथेच मोडला. किंवा उलटं होतं, आमच्याकडच्या एकाने पार्सलवाल्यावर 'चोर चोर' म्हणून आरडाओरडा केला होता. म्हणून आमचा नियम 'कुणालाच नाही' असा नाही, 'ओटीपी आला की आधी दाखव' असा आहे. पार्सलचा असो, बँकेचा असो, दाखव. कुठला कसला ते आपण बघू. आणि सराव करताना खऱ्या, चांगल्या मेसेजेसचाही सराव हवा, नुसते फसवे दाखवत राहिलात तर तो सगळ्या जगालाच घाबरेल किंवा सगळ्यालाच 'फसवणूक' म्हणेल, मग ते शिकणं म्हणायचं का?

मागणी ओळखली की करायचं काय, तर तीन हालचाली. थांब, फोन पालथा ठेव, दाखव. 'पालथा ठेव' हे हसण्यावारी नेऊ नका. फसवणाऱ्याचं सगळं भांडवल घाई आहे, समोर स्क्रीन उजळलेली, मेसेजवर मेसेज, मध्येच कॉल. अशा वेळी 'विचार कर' ही सूचना निरुपयोगी आहे, पण हाताला करायला एक काम दिलं तर ते जमतं. टेबलावर फोन पालथा पडला की मेसेज दिसेनासे होतात आणि ते दहा सेकंद मिळतात. कॉल चालू असेल तर एकच वाक्य तोंडात बसवायचं, 'मी नंतर बोलतो', आणि कट. 'मी ताईला विचारून सांगतो' हे वाक्य मात्र देऊ नका, त्यावर समोरच्याकडे उत्तर तयार असतं.

सराव कसा करायचा? विशेष शिक्षणात याची जुनी, साधी पद्धत आहे: सांगणं, करून दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं, आणि लगेच प्रतिक्रिया देणं. आपण पहिल्या पायरीवरच अडकतो. दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा, बास. आधी तुम्ही फसवणारी व्हा आणि त्याच खोलीत बसून त्याच्या फोनवर मेसेज टाका, तो फोन पालथा ठेवेल आणि तुमच्याकडे येईल. मग भूमिका बदला, त्याला फसवणारा करा. याची मुलांना प्रचंड मजा येते, आणि दुसऱ्याला फसवायला काय काय बोलावं लागतं हे स्वतः बोलल्यावर जे कळतं ते माझ्या बारा नियमांनी कधी कळलं नव्हतं. मग तुम्ही दुसऱ्या खोलीत. मग मावसभाऊ वेगळ्या नंबरवरून. मग कॉल. मग दुसरं अ‍ॅप. मग कधीतरी न सांगता, तो कामावरून थकून आल्यावर. लहान मुलांना अनोळखी माणसाबरोबर न जाणं शिकवण्यावर जे अभ्यास झाले त्यात हेच दिसलं होतं, वर्गात पक्कं झालेलं काही मुलं खऱ्या जागी करत नाहीत, खऱ्या जागी सराव घेतला की करतात.

पण न सांगता घेतलेल्या सरावाबद्दल एक अट आहे. 'कधीतरी सरावाचा मेसेज येईल' हे त्याला आधी माहीत हवं आणि त्याची त्याला हरकत नको. आणि तो चुकला तर 'बघ, सापडलास' असं चुकूनही म्हणायचं नाही. शांतपणे 'हा माझा होता, चल परत करू' एवढंच. हा सापळा नाहीये, आगीच्या ड्रिलसारखं आहे.

दाखवायचं कुणाला, याच्यावर बाकी सगळं उभं आहे. माझ्या वर्गात एक २४ वर्षांची मुलगी होती. तिने पहिल्यांदा आईला एक घाणेरडा फोटो आल्याचं दाखवलं, स्वतःहून, आणि आईने घाबरून फोन काढून घेतला. मुलगी काय शिकली? दाखवलं की फोन जातो. दुसऱ्यांदा कुणीतरी तिला धमकावत होतं तेव्हा तिने चार महिने कुणाला सांगितलं नाही, आम्हाला कळलं ते तिचं जेवण तुटलं म्हणून. आईचं मी काय चूक काढणार, कुठलीही आई घाबरेल. पण तेव्हापासून मी प्रत्येक घराला सांगते, दाखवायला दोन माणसं ठरवा, एक घरातलं एक बाहेरचं, आणि दोघांनी एक वाक्य पाठ करायचं: 'दाखवलंस ते बरं केलंस.' आधी हे वाक्य, मग बाकी काहीही. चेहरासुद्धा सांभाळायचा. ताई, मुलाचा सराव सोपा असतो, घरच्यांचा हा सराव अवघड असतो, खरंच घ्या तो आरशासमोर. तुमचा भाऊ आत्ता बाबांच्या फोनवरून मेसेज करतोय म्हणजे तो बिघडलाय असं नाही, त्याने आपल्याकडून जे शिकायचं तेच शिकलंय.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: माणूस ओळखायला शिकवू नका, मागणी ओळखायला शिकवा, तिन्ही हालचालींचा खऱ्या फोनवर सराव घ्या, आणि दाखवणं त्याला कधीच महाग पडू देऊ नका. आता सेटिंग आणि मग तो मैत्रिणीचा विषय, जो तुम्ही दोन ओळींत उरकलात पण मला तिथेच जास्त बोलायचंय.

सेटिंग पटकन सांगते. व्हॉट्सअ‍ॅपला ग्रुपमध्ये फक्त कॉन्टॅक्टमधलेच अ‍ॅड करू शकतील असं ठेवा, प्रोफाइल फोटो फक्त कॉन्टॅक्टना, अनोळखी नंबरचे कॉल सायलेंट करायची सोय आहे ती चालू करा, सहा आकडी पिनचं दुहेरी संरक्षण चालू करा. लिंक केलेल्या डिव्हाइसेसची यादी आजच बघा, ओटीपी गेलाय म्हणजे दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर त्याचं खातं उघडं असू शकतं, ओळखीचं नसेल ते लॉगआउट करा. फेसबुकला मित्रांची यादी लपवा, आणि रिक्वेस्ट फक्त मित्रांच्या मित्रांकडून. स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारी किंवा फोन दुरून चालवणारी अ‍ॅप असतील तर काढा. बँकेचं मोठं खातं फोनपासून तोडा आणि रोजच्या खर्चाचं छोटं खातं जोडा, ज्यात थोडेच पैसे असतील, ते गेले तर वाईट वाटेल पण घर बुडणार नाही. पासवर्ड पाठ करायला लावू नका, बोटाचा ठसा किंवा पासवर्ड सांभाळणारं अ‍ॅप वापरा, जे त्याला माहीतच नाही ते तो सांगणार कसं. दर महिन्याला पासवर्ड बदलायचा नियमही नको, त्याने फक्त चिठ्ठ्या वाढतात. आणि हे सगळं त्याच्या शेजारी बसून करा, त्याच्या बोटाने. मेनूंची नावं दर काही महिन्यांनी बदलतात, तेव्हा अधूनमधून परत बघावं लागेलच.

आता 'मुलं' या शब्दाकडे येते. तो २३ वर्षांचा पुरुष आहे. त्याला मैत्रीण हवी आहे, कुणीतरी आपल्याला सुंदर म्हणावं असं वाटतं, शरीराची ओढ आहे. घरात हा विषय निघतच नाही, मग तो फोनवर निघतो. तुम्ही कितीही सेटिंग करा, त्या जागी दुसरं काही आलं नाही तर तो परत तिथेच जाणार, मीही गेले असते. म्हणून आमच्या शिकवण्याचा निम्मा भाग फोनच्या बाहेर असतो, कुठला गट, कुठला खेळ, कामावरचा कोण मित्र, आठवड्यातून किती वेळा बाहेर पडतो. हे सांगायला सोपं आणि करायला कठीण आहे मला माहितीये, जागाच कमी आहेत. पण एक नियमित भेट जरी जमली तरी फोनवरचा रात्रीचा तास कमी झालेला मी पाहिलाय.

नाती समजावायला वर्तुळांची पद्धत वापरते. कागदावर एकात एक वर्तुळं, मधल्यात तो स्वतः, मग घरचे, मग मित्र, मग ओळखीचे, मग कामापुरते, बाहेर बाकी जग. प्रत्येक वर्तुळाशी काय बोलायचं, कुणाला स्पर्श चालतो, कुणाला फोटो चालतो. ऑनलाइन भेटलेला माणूस बाहेरून सुरू होतो. आत यायला काय लागतं? वेळ लागतो, महिन्यात नाही होत. आपल्यातल्या आणखी कुणीतरी त्याला भेटलेलं लागतं. व्हिडिओ कॉल आणि मग चारचौघांत, घरच्या कुणाला घेऊन भेट. हल्ली चेहरा आणि आवाज दोन्ही खोटे बनवता येतात, तेव्हा व्हिडिओ कॉल झाला म्हणजे माणूस खरा असं धरू नका, पण जो दर वेळी कॅमेरा बिघडलाय म्हणतो त्याचं उत्तर मिळालं म्हणून समजा. आवाजावरून आठवलं, घरात एक गुपित प्रश्न ठरवून ठेवा, ज्याचं उत्तर फक्त तुम्हालाच माहीत आहे. 'ताई अडचणीत आहे, पैसे पाठव' असा तुमच्याच आवाजात फोन आला तर तो तो प्रश्न विचारेल. मुलांना हे फार आवडतं, हेरगिरीसारखं वाटतं.

फोटोंबद्दल लाजून चालणार नाही. कुणी अंगाचा फोटो मिळवून 'पैसे दे नाहीतर सगळ्यांना पाठवतो' म्हणालं तर पैसे द्यायचे नाहीत, दिले की मागणी वाढते. चॅट डिलीट करायचं नाही, स्क्रीनशॉट घ्यायचे, मग ब्लॉक, रिपोर्ट, पोलीस. १८ वर्षांवरच्या लोकांसाठी स्टॉपएनसीआयआय नावाची एक मोफत सेवा २०२१ पासून आहे, तिच्यात फोटो अपलोड होत नाही, तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो, सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो त्यांच्याकडे पसरायचा रोखायचा प्रयत्न करतात. तुमच्या भावाने नेमका कसला फोटो पाठवलाय ते तुम्ही लिहिलं नाहीये, गरज असेल तर हे आजच करा.

आणि एक बाजू पालक नेहमी विसरतात, आपला माणूस दुसऱ्याला त्रास देणाराही ठरू शकतो. मुद्दाम नाही. एकीने उत्तर दिलं नाही म्हणून तिला चाळीस मेसेज, आलेला फोटो चार जणांना फॉरवर्ड, समोरची मुलगी अल्पवयीन आहे हे लक्षातच न येणं. कायदा 'त्याला कळत नव्हतं' हे दर वेळी ऐकून घेईलच असं नाही. आमच्याकडे नियम आहे, दोन मेसेज केले, उत्तर नाही, थांबायचं. आणि वय विचारायचं, १८ च्या खाली असेल तर ते बोलणं तिथेच बंद आणि दाखवायचं.

तुम्ही शेवटी विचारलंय की त्याचे मेसेज गुपचूप वाचू का. माझं उत्तर नाही असं आहे, एक अपवाद सोडून. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा जो संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ चा आहे त्याच्या २२ व्या कलमात खासगीपणा येतो, पत्रव्यवहारासकट. पण कलम बाजूला ठेवा, व्यवहार बघा: गुपचूप वाचलेलं कधीतरी कळतंच, आणि त्या दिवशी दाखवणं कायमचं बंद. त्यापेक्षा उघड करार करा. एका कागदावर सोप्या वाक्यांत, चित्रांसकट, काय त्याचं खासगी, काय रविवारी दोघांनी मिळून बघायचं, आणि धोका वाटला तर तुम्ही काय कराल. त्याच्याही अटी लिहा, आमच्या एकाने अट घातली होती, 'आईने माझ्या स्टेटसवर कमेंट करायची नाही', मान्य केली आम्ही. अपवाद म्हणजे आत्ता या क्षणी पैसे जातायत किंवा तो कुणाला भेटायला निघालाय, तेव्हा बघा, थांबवा, आणि त्याच दिवशी त्याला सांगा की मी बघितलं आणि का बघितलं.

रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्ये धोका पत्करण्यातही माणसाचा मान असतो अशी मांडणी केली होती, ते अपंगत्वाच्या क्षेत्रात आजही आम्ही धरून चालतो. याचा अर्थ वाऱ्यावर सोडा असा नाही. दहा पैशांची चूक करू द्या म्हणजे हजाराची टळेल, असा मी तो घेते. छोटं खातं त्यासाठीच सुचवलंय.

किती वेळ लागेल? पाच मागण्या पक्क्या व्हायला माझ्याकडे साधारण सहा-सात महिने जातात, काहींना वर्ष, आणि मध्ये एकदा तरी घसरण होतेच. शिकला हे मी कशावरून ठरवते? चुका थांबल्या यावरून नाही, कारण चूक न होणं आणि चूक लपणं बाहेरून सारखंच दिसतं. तो स्वतःहून दाखवायला यायला लागला, अगदी फालतू जाहिरातीसुद्धा, दिवसातून पाचदा, तुम्ही कंटाळेपर्यंत, की समजा काम होतंय. तेव्हा कंटाळा दाखवू नका.

आणि एक सावध करते, पुढच्या काही आठवड्यांत 'तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो' असा फोन किंवा मेसेज त्याला किंवा तुम्हाला येऊ शकतो, थोडी फी भरा म्हणतील. एकदा फसलेल्यांना हे लोक परत गाठतात. यावेळी सराव तुमचा आहे, फोन पालथा ठेवा. बँकेला कळवलंच असेल, नसेल तर हे वाचणं थांबवून आधी ते करा, मग ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंक तिथेच येतात.

आता फोन परत कसा द्यायचा. या आठवड्यात आधी त्याच्याकडे जाऊन म्हणा, 'मी घाबरले होते म्हणून फोन घेतला, तुला न विचारता घेतला, माझं चुकलं.' मग त्या मैत्रिणीबद्दल त्याला बोलू द्या. ती काय म्हणायची, कधी मेसेज करायची, त्याला कसं वाटायचं, सगळं. ती खोटी होती हे त्या दिवशी सांगू नका आणि हसू तर अजिबात नका, त्याच्यासाठी ते नातं खरं होतं आणि ते तुटलंय, माणूस गेल्यावर बसतो तसं बसा त्याच्याजवळ. दोन-तीन दिवसांनी तो करार लिहा, सेटिंग करा, सराव सुरू करा, आणि फोन त्याच्या हातात द्या. बाबांच्या फोनवरून तो तिला काय लिहीत होता ते तो तुम्हाला स्वतःच दाखवेल कदाचित. दाखवलं तर ते वाक्य लक्षात आहे ना तुमच्या?